अर्जावरची वडिलांची सही

शिक्षणाला पैसा लागतो आणि तो पुष्कळांच्या घरी नसतो, ही गोष्ट नवी नाही. तिच्यावर इलाज म्हणून शिष्यवृत्त्या, फीमाफी, वसतिगृहे अशी साधने आपल्याकडे हळूहळू निर्माण झाली. परंतु दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत कोणत्याही शाळेच्या किंवा कॉलेजच्या कचेरीत एक वेगळीच अडचण दिसते. मुलगा हुशार असतो, योजना असते, पैसा मंजूर होण्यासारखा असतो, आणि अर्ज मात्र अडून बसलेला असतो. का, तर घरून सही मिळत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडील तलाठ्याकडे जायला तयार नाहीत. रेशनकार्ड ट्रंकेत आहे आणि ट्रंकेची किल्ली वडिलांच्या कनवटीला आहे. विचारायला जावे तर उत्तर येते, "काही नको ते कागद. शिकून कुणाचं भलं झालंय?"

अशा वेळी आपण चटकन म्हणतो, बाप अडाणी आहे. असे म्हटले की आपले काम संपते. मुलाचे मात्र काहीच होत नाही. म्हणून आज या प्रश्नाकडे थोडे मागे जाऊन पाहू. मदत दारात आली आहे आणि घरचे माणूस उंबऱ्यावर आडवे उभे आहे, हा प्रसंग अर्जाच्या छापील नमुन्याहून कितीतरी जुना आहे. महाराष्ट्रात गेली पावणेदोनशे वर्षे तो घडत आला आहे, आणि ज्यांनी तो सोडवला त्यांनी तो निरनिराळ्या वाटांनी सोडवला. त्या वाटा समजून घेतल्या तर आजच्या विद्यार्थ्याला आणि आजच्या शिक्षकालाही त्यांचा उपयोग होईल.

पहिले उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे, पण या बाजूने आपण ते क्वचितच पाहतो. जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ सालचा. वडील गोविंदराव फुलांचा आणि भाजीचा धंदा करीत. त्यांनी मुलाला शाळेत घातले, आणि काही वर्षांनी त्याला शाळेतून काढले. त्यांच्या दुकानावर काम करणाऱ्या कारकुनाने त्यांच्या मनात भरवून दिले होते की शिकलेला मुलगा धंद्याच्या उपयोगाचा राहत नाही. जोतीराव मळ्यात काम करू लागले. शाळा होती, मुलाची बुद्धी होती, फक्त बापाची मान्यता नव्हती. पुढे शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन गृहस्थांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले.

आता यात लक्षात घ्यायची गोष्ट कोणती? गोविंदराव शिक्षणाचे वैरी नव्हते. वैरी असते तर त्यांनी पहिल्यांदा शाळेत घातलेच नसते. ते भ्याले होते. ज्याचा शब्द त्यांना मोलाचा वाटत होता अशा एका माणसाने त्यांना भीती घातली. ज्यांचा शब्द त्याहून मोलाचा वाटला अशा दोघांनी ती काढली. मुलाने स्वतः घरात वाद घातला असता, रुसला असता, तर गोविंदरावांचे मन फिरले असते की नाही कोण जाणे. बापाच्या बरोबरीच्या माणसाने बापाशी बोलावे लागले. पहिली वाट ही अशी, मध्यस्थाची.

पण ही वाट कायमची पुरत नाही. याच गोविंदरावांनी, समाजाचा दाब आल्यावर, १८४९ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांना घराबाहेर जायला सांगितले. कारण होते मुलींची शाळा. म्हणजे घरचे सहकार्य एकदा मिळाले की जन्मभर मिळाले असे होत नाही. फरक एवढाच की १८४९ साली जोतीराव स्वतःच्या पायांवर उभे राहू शकत होते, आणि १८४१ साली राहू शकत नव्हते. मध्यस्थाने मिळवून दिलेली मधली वर्षे कामाला आली.

त्या काळी गरीब विद्यार्थ्याला आणखीही एक आधार होता. पुण्यासारख्या गावी वार लावून जेवावे, माधुकरी मागावी आणि शिकावे, अशी रीत होती. घरच्या संमतीवाचून, किंबहुना घरच्यांशी भांडून निघून आलेला मुलगासुद्धा या रीतीवर तग धरू शके. कोणी त्याला वडिलांचे उत्पन्न विचारीत नसे, वडिलांची सही मागत नसे. मात्र दुसरी एक गोष्ट पाहिली जात असे, ती म्हणजे जात. हा आधार मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरता होता. कुणब्याच्या, महाराच्या किंवा मुसलमानाच्या पोराने शहरात येऊन कोणाच्या घरी वार लावायचा? त्याच्यापुढे दोनच मार्ग होते. घरच्यांनी धाडले तर शिकायचे, नाही तर गुरे राखायची.

हेच दुखणे जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडले. शेतकरी वर्ग शाळेपासून दूर राहतो याची कारणे सांगताना त्यांनी पराकाष्ठेचे दारिद्र्य सांगितले, आणि दुसरे सांगितले की गुरे राखायला व शेत पाहायला त्यांना मुलांची गरज असते. म्हणून नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही. शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे देऊन या लोकांना मुले शाळेत पाठवण्यास उत्तेजन दिले पाहिजे, असे त्यांनी सुचवले. शिष्यवृत्त्या केवळ चढाओढीच्या परीक्षेवर दिल्या तर ज्यांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच त्या मिळतात, हेही त्यांनी दाखवून दिले. ज्याला स्वतःला बापाने शाळेतून काढले होते, त्याने ही साक्ष दिली आहे हे ध्यानात ठेवा. तो बापाला दोष देत बसला नाही. बापाचा हिशेब काय आहे हे त्याने सरकारला समजावून सांगितले. मुलगा शाळेत गेला की घरचे एक माणूस कमी होते. ती तूट कोणी भरून देणार असेल तर बाप विचार करील.

दारिद्र्याखेरीज आणखी एक कारण होते, आणि त्याचा अंश मला आजही खेड्यांत दिसतो. ते म्हणजे कागदाची भीती. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, आणि पाहता पाहता पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तसेच घडले. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. त्यांनी कर्जरोखे आणि खतपत्रे मागितली, फाडली, जाळली. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे हे त्यांना कळत नव्हते, आणि त्याच कागदावर जमीन जात होती. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. परंतु कायदा झाला म्हणून मनातली धास्ती जात नाही. ती आज्याकडून बापाकडे आणि बापाकडून मुलाकडे येते.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचा अर्ज असाच अडला होता. वडील सही करायला तयार नव्हते, कारण सांगत नव्हते. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याशी बोलणे झाले तेव्हा बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "सर, आमच्या आज्यानं एक अंगठा दिला आन् तीन एकर गेलं. मी लिहायला शिकलो ते सही न करायला." त्यांना अर्ज ओळीने वाचून दाखवला. यात जमिनीचा उल्लेख का आहे, कर्ज कोठेच कसे नाही, पैसे परत करायचे कसे नाहीत, हे एकेक करून सांगितले. तेव्हा त्यांनी सही केली. त्या माणसाला अडाणी म्हणणे सोपे होते. वस्तुतः तो इतिहास शिकलेला होता. फक्त त्याचा इतिहास पुस्तकात नव्हता, घरात होता.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न आणखी बिकट होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आणले. बालविधवांना राहायला जागा, जेवण आणि शिक्षण, असे तेथे सर्व होते. अशी मदत त्या काळी विरळाच होती. परंतु १८९३ साली तेथे मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो असा गवगवा झाला, सल्लागार मंडळातील पुढाऱ्यांनी राजीनामे दिले, आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, हा वाद येथे नको. आपल्या विषयापुरते तात्पर्य असे की पालकाचा विश्वास उडाला की तयार असलेली मदतसुद्धा निरुपयोगी होते, आणि तोटा ज्या मुलीला काढून नेले तिचाच होतो. पुढे १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी आश्रम काढला. त्यांच्या दुसऱ्या पत्नी गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई, या स्वतः शारदा सदनात शिकलेल्या होत्या. आपल्या लेकीला, सुनेला कुठे नेता आणि तिचे काय करता, हा पालकांचा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही, हे त्या काळच्या सर्वच संस्थांना अनुभवाने कळले.

समजूत, उत्तेजन, विश्वास या झाल्या गोडीगुलाबीच्या वाटा. दुसरी वाट कायद्याची. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू केला. कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्यात असे कलम होते की जो पालक मुलाला शाळेत धाडणार नाही त्याला महिन्याला १ रुपया दंड. त्या काळचा १ रुपया शेतकऱ्याला जड होता. मुलगा घरी ठेवला तर तोटा आणि शाळेत पाठवला तर फुकट शिक्षण, असा हिशेबच महाराजांनी उलटा करून टाकला.

सक्ती हा शब्द कोणाला खटकेल. पण बघा, सक्तीत एक दयाही होती. ज्या बापाला मनातून मुलाला शिकवायचे होते, पण भाऊबंदांच्या, गावकीच्या टोमण्यांना तो भीत होता, त्याला आता सांगायला कारण मिळाले: "मी काय करू? सरकारचा हुकूम आहे." पुष्कळ वेळा घरचे माणूस नाही म्हणते ते स्वतःसाठी नसते, ते चार लोकांसाठी असते. त्याला मागे यायला वाट करून दिली की तो येतो.

तथापि कायद्याला हद्द असते. प्राथमिक शाळेपर्यंत मुलाला आणता येते. हायस्कुलात आणि कॉलेजात दंडाच्या धाकाने कोणाला पाठवता येत नाही. तेथे खर्चाचे ओझे उचलावे लागते. शाहू महाराजांनी हे ओळखले होते. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि नंतरच्या काही वर्षांत जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा अनेक समाजांसाठी बोर्डिंगे निघाली. जो आधार वारामाधुकरीने एका जातीला दिला होता, तो बोर्डिंगाने इतरांना दिला.

याच सुमारास शिष्यवृत्तीचेही एक थोर उदाहरण आहे. भीमराव आंबेडकर यांचे वडील रामजी सुभेदार मुलाच्या शिक्षणासाठी जिवाचे रान करणारे होते. तेथे अडचण मनाची नव्हती, पैशाची होती. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी पुढाकार घेऊन सयाजीराव महाराजांची भेट घडवली, आणि कॉलेजच्या शिक्षणासाठी महिना २५ रुपये शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ च्या फेब्रुवारीत रामजी वारले. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती ठरली, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर भीमरावांनी स्वतः सही केली. त्यांचे वय तेव्हा २२ होते. ही शिष्यवृत्ती विद्यार्थ्याकडे पाहून दिलेली होती, आणि वचनही विद्यार्थ्याकडूनच घेतलेले होते. वडील हयात नव्हते म्हणून काम अडले नाही.

आता भाऊराव पाटील यांच्याकडे येऊ, कारण ही सगळी गाठ सर्वांत मोकळेपणाने त्यांनी सोडवली. १९१९ साली कराड तालुक्यातील काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधी तेथे आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत. भाऊराव खेडोपाडी पायी फिरत आणि शेतकऱ्याच्या दारात बसून मुलगा मागत.

मुलाच्या बापाला नको म्हणायला त्यांनी जागाच ठेवली नाही. पैसा नाही? नको. मूठमूठ धान्य गावाने द्यावे. मुलगा आयतोबा होईल, शेतात काम करणार नाही? येथे तो काम करूनच शिकेल. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीदच होते. मुले शेतात राबत, पाणी भरत, स्वयंपाक करत, दगडविटा वाहत. म्हणून शिकलेला मुलगा नांगर विसरतो ही बापाची भीती तेथे टिकत नसे. आणि धर्मादायाचे अन्न खाल्ल्याची लाजही उरत नसे, कारण मुलगा आपल्या घामाचे खात होता. वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. जो माणूस तुमच्या पोरासाठी आपले घर रिते करतो, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? सातारच्या आसपासच्या हजारो बापांचा विरोध अशा रीतीने न भांडता विरघळला.

येथपर्यंतचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते. या सर्व काळात मदत देणारा माणूस समोर होता. तो दारात येई, बापाशी बोले, आणि अडचण पाहून वाट काढी. स्वातंत्र्यानंतर मदत सरकारची झाली. १९५९ साली यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, ज्यांचे वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत आहे अशा पालकांच्या मुलांना फीमाफी देण्याची योजना आली. ईबीसी सवलत हे नाव खेड्यातल्या घराघरात पोहोचले. जात न पाहता आर्थिक परिस्थिती पाहून मदत, हे फार मोठे पाऊल होते. या एका सवलतीवर किती डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक आणि अधिकारी तयार झाले, हे जुन्या शिक्षकांना विचारा.

पण या पावलाबरोबर एक नवी अटही आली. परिस्थिती पाहून मदत द्यायची तर परिस्थितीचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे उत्पन्नाचा दाखला, आणि दाखला म्हणजे वडील. अट अन्यायाची नाही. सार्वजनिक पैसा पुराव्यावाचून वाटता येत नाही. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की पूर्वी जो बाप केवळ नाही म्हणू शकत होता, त्याच्या हाती आता कागदाचीही किल्ली आली. पूर्वी माधुकरी मागणाऱ्याला किंवा साताऱ्याच्या वसतिगृहात राबणाऱ्याला बापाच्या रागावरून पलीकडे जाता येत होते. आता बापाने दाखला काढला नाही तर सरकारच्या दृष्टीने तो मुलगा गरीबच ठरत नाही. मदत हक्काची झाली, आणि हक्काच्या दारावर वडिलांची सही बसली.

आजही स्थिती मुळात हीच आहे. योजना पुष्कळ वाढल्या. शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा ८ लाखांपर्यंत आहे. व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या आणि ठरावीक प्रवर्गांतील व उत्पन्नाच्या मर्यादेतील मुलींना २०२४-२५ पासून शुल्कात पूर्ण सवलत आहे. अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचा. पण दाखला तहसील कचेरीचाच लागतो, आणि त्याची कागदपत्रे घरातच असतात. यंत्र बदलले, उंबरठा तोच राहिला.

मग काय करावे? इतिहासाने दिलेली उत्तरे आजच्या भाषेत सांगतो.

विद्यार्थी मित्रांनो, पहिली गोष्ट, खोटी सही करू नका. मोह होतो, मित्रही सांगतात की कोण बघतंय. पण तो गुन्हा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या बापाला कागदाची भीती आहे त्याची भीती तुम्ही खरी करून दाखवता. दुसरी गोष्ट, वडील नाही का म्हणतात याचा शोध घ्या. कामाला हात कमी पडतो म्हणून? कोणाच्या उपकारात राहायचे नाही म्हणून? उत्पन्न सांगितले तर रेशन किंवा दुसरी सवलत जाईल या धास्तीने? की भावकीत तंटा आहे आणि सातबारा दाखवायचा नाही म्हणून? या प्रत्येकाला उत्तर वेगळे आहे. हात कमी पडत असेल तर सुट्टीतले कोणते दिवस तुम्ही शेतावर द्याल ते आधी सांगा. मानाचा प्रश्न असेल तर सांगा की ही भीक नव्हे. जनतेच्या करातून जनतेच्या मुलासाठी ठेवलेला हा पैसा आहे, आणि आपण बाजारात काही विकत घेतो तेव्हा त्या करात आपलाही वाटा असतो.

तिसरी गोष्ट, स्वतः वाद घालू नका, मध्यस्थ शोधा. गफार बेग मुन्शी प्रत्येक गावात असतात. ते कधी मामांच्या रूपात असतात, कधी आत्याच्या यजमानांच्या, कधी सोसायटीच्या सचिवांच्या, कधी जुन्या गुरुजींच्या. आणि आईला विसरू नका. आईला घरात मत नाही असे वरवर दिसते. संध्याकाळी जेवताना कोणाचे ऐकले जाते ते तुम्हाला माहीतच आहे. चौथी गोष्ट, शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. मन वळायला वेळ लागतो. निकालाच्या आधीपासून कागद जमवायला लागा.

काही घरांत मात्र ही गाठ सुटण्यासारखी नसते. वडील घर सोडून गेलेले असतात, दुसरा संसार मांडलेला असतो, व्यसनापायी शुद्धीवर नसतात, किंवा आईला आणि मुलांना टाकलेले असते. तेथे समजुतीचा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ. अशा मुलाने लाज न बाळगता सर्व हकीकत लेखी लिहून प्राचार्यांना किंवा मुख्याध्यापकांना द्यावी, आणि आई वेगळी राहत असेल तर तिचे जे कागद असतील ते जोडावेत. प्रत्येक योजनेचे नियम वेगळे आहेत, ते समाजकल्याण खात्याच्या कचेरीत प्रत्यक्ष विचारावेत. मित्राच्या सांगण्यावर राहू नये. तोवर कॉलेजच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून, फीच्या हप्त्यांतून, आणि विद्यापीठांच्या कमवा व शिका योजनेतून दिवस काढता येतात. पुणे विद्यापीठातील या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आहे. मुलाची किंमत बापाच्या कागदावरून न करता त्याच्या कामावरून करणारी ती भाऊरावांचीच वाट आहे.

आता शिक्षक बंधू-भगिनींना दोन शब्द. अर्ज अपुरा म्हणून परत करणे ही कचेरीची रीत झाली. शिक्षकाची रीत अर्ज अपुरा का राहिला हे विचारण्याची आहे. वर्गात सर्वांसमोर "दाखला का नाही आणला?" असे विचारू नका. ज्याच्या घरी वडील प्यालेले पडले आहेत तो मुलगा "विसरलो सर" एवढेच सांगतो, आणि दुसऱ्या वर्षी वर्गात दिसत नाही. त्याला बाजूला घ्या. जमले तर घरी जा. पालकाला बोलावणे धाडले तर तो कचेरीत आरोपीसारखा उभा राहतो; त्याच्या ओसरीवर तुम्ही बसलात, चहा घेतलात, की तो यजमान असतो आणि ऐकून घेतो. अर्ज त्याला वाचून दाखवा. कशासाठी काय मागितले आहे ते सांगा. कागदात दडलेले काही नाही याची खात्री त्याला शिक्षकाखेरीज कोण देणार?

आणि पालकांनो, तुमच्यापैकी कोणी हे वाचत असेल किंवा मुलाकडून ऐकत असेल, तर एवढेच सांगतो. तुम्ही जे भिता त्याला कारण आहे. कागदाने तुमच्या वाडवडिलांना फसवले आहे. शिकून शहरात गेलेली मुले परत आली नाहीत, हेही तुम्ही पाहिले आहे. म्हणून डोळे झाकून सही करा असे कोणी म्हणणार नाही. कागद वाचून घ्या, दोन माणसांना विचारा, शंका असेल ती मास्तरांना बेधडक विचारा. पण विचारल्यावाचून नाही म्हणू नका. गोविंदराव फुल्यांनी दोन शेजाऱ्यांचे ऐकून घेतले, तेवढ्यानेच केवढे काम झाले. त्या दिवशी त्यांनी दोघांना दारातूनच परत पाठवले असते तर जोतीराव मळ्यातच राहिले असते, आणि त्यांच्या हातून निघालेल्या शाळांत ज्या मुली शिकल्या त्या घरीच राहिल्या असत्या.

या साऱ्या इतिहासात बापाचा पराभव करून मुलगा शिकला अशी उदाहरणे थोडी आहेत. बापाची अडचण कोणी तरी ओळखली, तिला उत्तर दिले, आणि मग मुलगा शिकला, अशी फार आहेत. सरकार पैसा देईल, यंत्र अर्ज घेईल. पण उंबऱ्यावर जाऊन दोन शब्द बोलायला माणूसच लागतो. यंदा आपल्या गावात ज्याचा अर्ज अडला आहे त्याच्या घरी आपल्यापैकी कोणी तरी अवश्य जावे.